जर्मनीतले वर्ष आणि इथले गुणपत्रक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यातील विद्यापीठे परदेशी विद्यापीठांशी सामंजस्य करार करतात तेव्हा त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. परंतु त्या करारांनुसार वर्षभर बाहेर शिकून आलेल्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रकाचे पुढे काय होते, याविषयी फारसे छापून येत नाही. इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात असताना मी देवाणघेवाण योजनेतून जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात दोन सत्रे शिकले. तिथले श्रेयांक (क्रेडिट) इथे ग्राह्य धरायचे की नाही, याचा विचार माझ्या विद्यापीठाने मी परतल्यावर सुरू केला आणि अखेर ती दोन्ही सत्रे मला इथे नव्याने करावी लागली. माझ्याबरोबर परतलेल्या इतर काही जणांचीही हीच गत झाली.

तिथले शिक्षण इथल्याच्या बरोबरीचे आहे का, हे ठरवणाऱ्या समकक्षतेच्या बैठकीत एका सदस्यांनी विचारलेला प्रश्न मला अजूनही महत्त्वाचा वाटतो. आठवड्याला दोनच तास भरणाऱ्या सेमिनारला सहा श्रेयांक कसे, असे त्यांचे म्हणणे होते. जर्मनीत एक श्रेयांक म्हणजे साधारणतः 30 तासांचे काम धरतात. सहा श्रेयांकांचे 180 तास होतात आणि त्यांपैकी तीसही तास वर्गात जात नाहीत. उरलेले सारे ग्रंथालयात आणि टेबलाशी घालवायचे असतात. व्याख्यानाला बहुधा हजेरी घेत नाहीत, टर्म वर्कच्या फायली नाहीत, अंतर्गत परीक्षांचा ससेमिरा नाही. सेमिनारमध्ये मात्र दर आठवड्याला नेमलेले वाचन करून यावे लागते, एकदा वर्गापुढे विषय मांडावा लागतो, आणि तास संपल्यावर टाळ्यांऐवजी बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक होते, तिच्या जोरावरून आपले कसे झाले याचा थोडाफार अंदाज येतो. त्यानंतर सुटीत पंधरा-वीस पानांचा निबंध लिहायचा, ज्याला तिथे हाउसआर्बाइट म्हणतात. निबंधाचा विषय विद्यार्थ्याने स्वतः शोधून प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जाऊन मंजूर करून घ्यायचा असतो. प्रश्नसंच आणि अपेक्षित उत्तरे यांवर वाढलेल्या माझ्यासारखीला पहिले हिवाळी सत्र त्यामुळेच जड गेले. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास काळोख पडतो, ही अडचण त्यापुढे किरकोळ होती.

या स्वातंत्र्याला नियमांची कडक चौकटही असते. परीक्षेसाठी ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन नोंदणी केली नाही, तर वर्षभर अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यालाही बसता येत नाही. राहण्याच्या जागेची नोंद नगरपालिकेत करायची, आरोग्य विमा काढायचा, सामायिक स्वयंपाकघराच्या साफसफाईची पाळी चुकवायची नाही, हे सगळे अभ्यासाच्या जोडीने चालते. विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे खानावळीत, सवलतीच्या दरात जेवण मिळते म्हणून निदान दुपारची चिंता मिटते.

आता हिशेबाकडे वळते. युरोपीय श्रेयांक पद्धतीत पूर्ण वर्षाचे 60 श्रेयांक होतात आणि आपल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे 40. तीन तिकडचे म्हणजे दोन इकडचे, हे गणित पाचवीतला विद्यार्थीही करील. गुणांकनाचा घोळ त्याहून मोठा आहे, कारण तिकडे 1.0 ही सर्वोत्तम श्रेणी, 4.0 पर्यंत उत्तीर्ण आणि 5.0 अनुत्तीर्ण. माझ्या पत्रकावरचा 1.3 हा आकडा परीक्षा विभागातील एका कर्मचाऱ्यांनी दहापैकी समजून सहानुभूतीने पाहिला होता. इथले गुण स्वतःच्या श्रेणीत बसवण्यासाठी जर्मन विद्यापीठे ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ वापरतात, आणि तेच सूत्र उलट दिशेने लावायला कोणाच्या खास परवानगीची गरज नसावी.

तत्त्वतः या गोष्टीला कोणाची हरकतही दिसत नाही. देशांतर्गत श्रेयांक हलवता यावेत म्हणून 2021 मध्ये ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीने ट्विनिंग अभ्यासक्रमांत, म्हणजे काही भाग इथे आणि काही परदेशी संस्थेत शिकण्याच्या अभ्यासक्रमांत, 30 टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी संस्थेत मिळवण्याची मुभा दिली. पुणे आणि ग्योटिंगेन यांचे नाते तर दीडशे वर्षांच्या घरातले आहे: डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे फ्रान्झ कीलहॉर्न 1882 मध्ये ग्योटिंगेनला प्राध्यापक म्हणून गेले. त्यांच्या पुण्यातील सेवेची समकक्षता तपासण्यासाठी तिथे समिती बसल्याचे निदान माझ्या वाचनात नाही.

उशिराची किंमत विद्यार्थ्याच्या खिशातून जाते. ग्योटिंगेनसारख्या ठिकाणी शिकवणी शुल्क नसले, तरी शिष्यवृत्ती नसेल तर व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो ‘बंद खात्यात’, म्हणजे एकदम सगळे काढता न येणाऱ्या बँक खात्यात, ठेवावे लागतात. एवढे पैसे घालून आलेल्या मुलाला वर्ष वाया गेल्याचे कळते, तेव्हा धाकट्या भावंडांना पाठवण्याचा विचार घरचे सोडून देतात. त्यात वेळापत्रकेही जुळत नाहीत. जर्मनीतील उन्हाळी सत्राची व्याख्याने जुलैत संपतात, पण निबंधांचे काम सप्टेंबरअखेरपर्यंत रेंगाळते. तोवर आपले पहिले सत्र निम्मे सरलेले असते आणि परतलेल्या विद्यार्थ्याकडे समितीच्या निर्णयाची वाट पाहण्याइतका अवधी उरत नाही.

म्हणून निर्णय जाण्यापूर्वीच झाला पाहिजे. युरोपात विद्यार्थी देवाणघेवाणीच्या इरॅस्मस योजनेखाली विद्यार्थी, पाठवणारे विद्यापीठ आणि स्वीकारणारे विद्यापीठ अशा तिघांच्या सह्यांचे शिक्षण-करारपत्र होते. कोणत्या विषयाऐवजी कोणता विषय चालेल, ते त्यात नोंदलेले असते. हाच नमुना आपल्या अभ्यास मंडळांनी स्वीकारावा, आणि श्रेयांक व श्रेणी बदलण्याचा तक्ता प्रत्येक विद्यापीठाने संकेतस्थळावर ठेवावा. पुढच्या हिवाळी सत्रासाठी निवडलेले विद्यार्थी सप्टेंबरमध्ये निघतील. त्यांच्या करारपत्रांवर सह्या त्याआधी व्हाव्यात, अशी मागणी मी आपल्या वृत्तपत्रामार्फत कुलगुरूंकडे आणि उच्च शिक्षण विभागाकडे करत आहे.

कळावे.

आपली विश्वासू,
इतिहासाची एक विद्यार्थिनी, पुणे