चित्रामागची पाचर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण औंधच्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयावर पानभर लेख छापलात. मी तो दोनदा वाचला, मग नातीकडून मोठ्याने वाचून घेतला. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर उभं केलेलं हे संग्रहालय, राजा रविवर्मांची ‘सैरंध्री’, धुरंधरांची चित्रं, कांगडा शैलीची लघुचित्रं, हेन्री मूर यांचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प, सगळं नीट आलं आहे. तक्रार म्हणून हे पत्र लिहीत नाही. पण त्या पानभर मजकुरात राजेसाहेब होते, चित्रकार होते, बघायला येणारे पाहुणे होते. त्या वस्तू रोज सांभाळणारं एकही माणूस नव्हतं. हे दरवेळी राहून जातं. ते मला लिहिता येईल, कारण मी नोकरीभर तेच काम केलं.

मी पुसेसावळीचा. घराणं सुताराचं. आजोबा बलुत्यावर पाभरी, कुळव, बैलगाडीची चाकं करायचे. वडील मात्र मुंबईला गिरणीत गेले. सहावीत असताना शाळेची सहल औंधला गेली होती. गुरुजी चित्रांसमोर उभे राहून राजांविषयी सांगत होते आणि मी चंदनातल्या कोरीव कामाला नाक लावून उभा होतो. तिथल्या शिपाईमामांनी मला खांद्याला धरून हलकेच दोन पावलं मागे नेलं. रागावले नाहीत. ‘श्वासानंसुद्धा खराब होतं रे बाळा,’ एवढंच म्हणाले. गुरुजींचं भाषण मी विसरलो, मामांचं वाक्य लक्षात राहिलं.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला आणि वडिलांची गिरणी पुन्हा धड सुरू झालीच नाही. मी तेव्हा २२ वर्षांचा. ओळखीच्या एकाने मुंबईतल्या एका वस्तुसंग्रहालयात मला रोजंदारीवर हमाल म्हणून लावलं. (त्या संग्रहालयाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते एका ठिकाणापुरतं नाही.) हाताला रंधा ठाऊक आहे हे कळल्यावर मला सुतारकामावर घेतलं. २०१८ मध्ये निवृत्त होईपर्यंत मी तिथे पेट्या केल्या, शोकेस केल्या, चित्रं टांगली, उतरवली, बांधली, सोडली.

आमचे मिस्त्री कोकणातले. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकाही चित्राला हात लावू दिला नाही. एक रिकामी फ्रेम हातात दिली आणि म्हणाले, ही घेऊन सगळ्या दालनांतून तीन वेळा फिरून ये. वरची पट्टी धरून उचलायचं नाही. एक हात खाली, एक हात बाजूला. उलटं चालायचं नाही. पुढे एक माणूस फक्त दार धरायला. खिशात पेन नको, कमरेला मोठ्या बक्कलाचा पट्टा नको, बोटात अंगठी नको. लग्नात सासऱ्यांनी घातलेली अंगठी मी रोज कामावर पोचलो की डब्याच्या पिशवीत काढून ठेवायचो. आजही घरात फोटो पुसायला घेतला तर आधी हात अंगठीकडे जातो.

१९९१ च्या पावसाळ्यातली एक गोष्ट सविस्तर सांगतो. तैलचित्राचं कापड मागे एका लाकडी चौकटीवर ताणलेलं असतं. त्या चौकटीच्या कोपऱ्यांत आतल्या बाजूने बोटभर लांबीच्या पाचरी बसवलेल्या असतात. कापड सैल पडलं की त्या हलक्या हाताने ठोकायच्या. सांधा केसभर उघडतो आणि कापड ताठ होतं. त्या वर्षी एका मोठ्या व्यक्तिचित्रावर, खालच्या कडेजवळ, सुपारीएवढा फुगवटा दिसायला लागला. कापड जुनं झालंय, असं सगळे म्हणत होते. लखनौला शिकून आलेल्या आमच्या संवर्धन विभागाच्या बाईंनी टॉर्च आडवी धरून पाहिलं आणि चित्र खाली घ्यायला सांगितलं. चौघांनी उतरवलं, टेबलावर मऊ गादी घालून पालथं ठेवलं. एक पाचर निसटून कापड आणि खालची पट्टी यांच्यामध्ये जाऊन बसली होती. किती वर्षं होती कोण जाणे. तेवढ्या जागेवर पुढून रंगाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा गेल्या होत्या.

बाईंनी मला विचारलं, ‘मिस्त्री, ही कशी काढायची?’ मिस्त्री म्हणून मला पहिल्यांदा कुणी हाक मारली ती त्या दिवशी. मी बांबूची एक पट्टी तासून वहीच्या पुठ्ठ्याएवढी पातळ केली, कडा गोल केल्या, कापडाने घासून गुळगुळीत केली. त्या पट्टीने ती पाचर एक एक सूत सरकवत बाहेर काढली. तासभर लागला. त्यानंतर बाईंनी भिंगाखाली, दोन केसांच्या कुंचल्याने, उचललेले रंगाचे पोपडे एकेक करून चिकटवले. त्याला तीन आठवडे गेले. आणि मी त्या पाचरीला बारीक भोक पाडून मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्याने ती चौकटीला बांधून टाकली, म्हणजे सुटली तरी खाली पडणार नाही. पुढची दोन वर्षं, दालनं बंद झाल्यावर, मिस्त्री आणि मी स्टोअरमधल्या प्रत्येक तैलचित्राच्या पाचरी तपासून बांधत होतो. ती चित्रं आजही लोक पुढून बघतात. मागचे दोरे कुणी बघावेत अशी माझी अपेक्षा नाही. ते कुणीतरी बांधलेले असतात हे ठाऊक असावं, एवढी आहे.

सुतारकामातसुद्धा मला तिथे नव्याने शिकावं लागलं. गावाकडे नवं कपाट झालं की त्याच दिवशी घरात नेतात. संग्रहालयात नव्या शोकेसला रंग दिला की ती आठवडेच्या आठवडे उघडी ठेवून वारा द्यावा लागतो. नव्या प्लायचा जो वास डोळ्यांना झोंबतो, तोच बंद काचेत अडकला की धातूच्या वस्तूंना खातो. शिशाच्या जुन्या वस्तूवर तर पांढरी भुकटी धरते. उद्घाटनाची तारीख ठरलेली असते, वरून घाई असते, आणि ‘अजून वास जात नाही साहेब’ हे सांगायला उभा असतो तो चतुर्थ श्रेणीतला माणूस. मी हे तीन वेळा सांगितलं. दोनदा ऐकलं गेलं.

आता मावशींविषयी. झाडलोट करायला ठेकेदाराकडून एक मावशी यायच्या, माणदेशातल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. एके सकाळी त्या मला शोधत आल्या आणि म्हणाल्या, ‘दादा, त्या कोपऱ्यातल्या फ्रेमीखाली रोज पीठ पडतंय. काल झाडलं, आज पुन्हा हाय.’ मी गेलो. खरंच चिमूटभर, तांदळाच्या पिठीसारखी भुकटी. मी त्यांना म्हटलं, उद्या झाडू नका. खाली पांढरा कागद अंथरला. दुसऱ्या दिवशी कागदावर पुन्हा भुकटी. लाकूड पोखरणारा किडा कोरीव फ्रेमीच्या आत शिरला होता. फ्रेम वेगळी काढली, तिच्यावर उपचार झाले. शेजारच्या सगळ्या फ्रेमी तपासल्या तेव्हा आणखी दोघींत तेच निघालं. मावशींनी ती भुकटी रोजच्यासारखी सुपलीत भरून टाकून दिली असती, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते दालन पोखरलं गेलं असतं.

अहवालात लिहिलं गेलं, ‘तपासणीदरम्यान प्रादुर्भाव आढळला.’ कुणाला आढळला ते नाही. पुढच्या वर्षी ठेका बदलला. नव्या ठेकेदाराने आपली माणसं आणली आणि मावशी गेल्या. मी साहेबांकडे जाऊन बोललो होतो. ते म्हणाले, तुझं बरोबर आहे, पण ठेक्यात नाव नसतं, संख्या असते. हे मी अजून विसरलो नाही. कोणत्या कोपऱ्यात ओल येते, कोणत्या खिडकीतून दुपारी चार वाजता ऊन चित्रावर चढतं, हे एका बाईला पाच वर्षांत पाठ झालेलं असतं आणि एका दिवसात ते सगळं तिच्याबरोबर दाराबाहेर जातं. दर सहा महिन्यांनी पहारेकरी बदलला की तो फक्त दाराशी उभा राहतो. वस्तूची आणि त्याची ओळखच होत नाही.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हा मीही नातवाला घेऊन रांगेत उभा होतो. आपल्या वर्तमानपत्रासह सगळ्यांनी मान्यवर, बंदोबस्त यांविषयी भरभरून लिहिलं. माझं लक्ष काचेच्या कडांकडे आणि वस्तू कशावर टेकवली आहे तिकडे होतं. दूरदेशाहून अशी वस्तू येते तेव्हा पेटी आली की लगेच उघडत नाहीत. साधारण एक दिवस ती बंदच ठेवतात, आतली हवा आणि खोलीची हवा हळूहळू एक व्हावी म्हणून. मग पाठवणाऱ्यांचा माणूस आणि घेणाऱ्यांचा माणूस समोरासमोर बसतात, फोटो ताडून पाहतात, प्रत्येक ओरखडा कागदावर उतरवतात, दोघं सह्या करतात. हे सगळं नातवाला सांगितलं तर तो वाघनखांइतकाच त्या पेटीविषयी विचारत राहिला. मुलांना यात रस असतो. त्यांना कुणी सांगत नाही.

लघुचित्रांच्या दालनात अंधार का, असं लोक चिडून विचारतात. पहारेकऱ्याला बोल लावतात. कागदावरच्या चित्राला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड देऊ नये असा दंडक आहे, कारण उजेडाने उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही. तैलचित्राला २०० लक्सपर्यंत चालतो. दाराशी दोन ओळींची पाटी लावली तर त्या पहारेकऱ्याचा रोजचा अपमान वाचेल.

या कामाचा उपयोग संग्रहालयाबाहेरही होतो, हे २०१९ च्या महापुरात दिसलं. सांगलीला मेव्हण्यांचं घर पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर गेलो तर गल्लीभर लोक भिजलेले फोटो, वह्या, पोथ्या उन्हात वाळत घालत होते आणि काचेला चिकटलेले फोटो ओढून काढत होते. ओल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरते हे खरं, पण कडक उन्हात तो आकसतो, फाटतो. फोटो स्वच्छ पाण्यात हलकेच धुऊन सावलीत, वाऱ्यावर, सुती कापडावर पसरायचे. काचेला चिकटलेला ओढायचा नाही, काचेसकट तसाच ठेवायचा. मी त्या गल्लीत चार दिवस हेच करत होतो. एका आजींच्या लग्नाचा एकुलता एक फोटो असा वाचला. मला हे आमच्या बाईंनी शिकवलं होतं. त्यांना मी पत्र लिहून कळवलं.

लेख वाचून दुसऱ्याच दिवशी मी एसटीने औंधला गेलो. डोंगराच्या पायऱ्या आता दमाने चढाव्या लागतात. तिथल्या एका सेवकाशी बोललो. कोणतं चित्र कुठे, कोणत्या कपाटाचं दार पावसाळ्यात फुगतं, सगळं त्यांना तोंडपाठ. माझी आपल्याला विनंती आहे की पुढच्या वेळी आपला वार्ताहर जाईल तेव्हा त्याने अशा माणसाजवळ अर्धा तास बसावं, त्यांना विचारून नाव आणि फोटो छापावा. आणि जिल्ह्यातल्या सगळ्या संग्रहालयांना माझं सांगणं आहे की चित्राखालच्या पाटीवर चित्रकाराचं नाव असतं, देणगीदाराचं असतं, तशी एक ओळ जतन करणाऱ्यांचीही असू द्या. कायम नोकरीतला असो की ठेक्यावरचा, ज्याने काम केलं त्याचं नाव वस्तूच्या नोंदवहीत यावं. आमचे मिस्त्री आपण केलेल्या प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून पेन्सिलीने तारीख आणि नाव घालायचे. त्यांची एक पेटी परदेशातल्या प्रदर्शनाला जाऊन आली. ते स्वतः कधी विमानात बसले नाहीत, पण त्यांचं नाव जाऊन आलं. परत आल्यावर झाकण उघडून त्यांनी आधी ते नाव पुसलं गेलं नाही ना, हे पाहिलं होतं.

आपल्याकडच्या आयटीआयमध्ये सुतारकाम शिकणारी पोरं आहेत. मॉड्युलर किचनच्या कामाला ती मुंबई-पुण्याला जातात, जावीतच. पण त्यांतल्या चार-पाच जणांना चित्राची चौकट, पाचर, पेटी, शोकेस हे शिकायचं असेल आणि औंधला किंवा साताऱ्याला कुणी जागा देणार असेल, तर मी शिकवायला तयार आहे. पैसे नकोत. संग्रहालय बंद असतं त्या दिवशी येईन. हत्यारं माझी मी आणीन, मिस्त्रींनी दिलेली पटाशीसुद्धा त्यात आहे. ती बांबूची पट्टीही मी जपून ठेवली आहे, ती पोरांना हातात घेऊन बघता येईल.

कळावे,
आपला नम्र वाचक,
एक निवृत्त संग्रहालय-सुतार
पुसेसावळी, ता. खटाव, जि. सातारा