दोघांची सुरुवात सारखी नव्हती

संपादक महोदय,

ब्रिटनमधले गुजराती कष्टाने वर आले, बांगलादेशी मात्र मागेच राहिले, असं आपल्या पुरवणीतल्या लेखात वाचलं आणि राहवलं नाही. पूर्व लंडनच्या शाळेत मी २२ वर्षं गणित शिकवलं. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने ९० दिवसांची मुदत देऊन हाकललेले तिथले गुजराती सर्वस्व गमावून आले, हे खरंच. पण बरेचसे कुटुंबासकट आले. इंग्रजी येत होतं, दुकानदारी अंगात मुरलेली होती. आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेट भागातले पुरुष आधी एकटेच आले, कुणी बोटीवर खलाशी म्हणून, कुणी शिवणाच्या कारखान्यात. बायकामुलं उशिरा आली, तोवर ते कारखानेच बंद पडू लागले होते.

माझ्या एका विद्यार्थिनीची आई घरीच कोटांना अस्तर लावायची, नगावर पैसे. मुलीच्या वहीत काळ्या दोऱ्याचे तुकडे सापडायचे. दोन खोल्यांत सात माणसं, म्हणून ती जिन्यात बसून अभ्यास करायची. आज इंग्लंडमधली बांगलादेशी मुलं सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेत गोऱ्या मुलांच्या सरासरीच्या पुढे आहेत. लेखात याची एक ओळही नाही, याचं फार वाईट वाटलं.

– एक निवृत्त शिक्षिका, लंडन