लिहिणाऱ्याला हाक मारण्यापूर्वी

प्रति,
माननीय संपादक महोदय,

विषय : घरी बसून कथा लिहिणाऱ्यांना येणारे व्यत्यय आणि दिवाळी अंकांच्या मुदती

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांत अलीकडे एका वाचकांनी असे मत मांडले होते की, घरी बसून लेखन करणाऱ्यांना कार्यालयात जाणाऱ्यांपेक्षा पुष्कळ मोकळीक असते, तेव्हा ‘वेळ मिळत नाही’ ही त्यांची तक्रार ग्राह्य धरण्याचे कारण नाही. मी गेली एकोणीस वर्षे नागपुरात, घरसंसार सांभाळून, कथा लिहीत आले आहे. वेळ मिळत नाही असे मी म्हणणार नाही. दुपारी दोन ते साडेचार हे अडीच तास बहुतेक दिवशी माझ्या वाट्याला येतात. ते सलग येत नाहीत, एवढेच माझे म्हणणे आहे. हिशेबाच्या वहीत हा फरक दिसत नसला तरी कथेत तो लगेच दिसतो, आणि त्या वाचकांच्या पत्रात नेमकी हीच बाजू सुटली होती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मार्चमधली एक दुपार सांगते. काटोलकडच्या एका संत्रा बागाइतदाराची कथा मी लिहीत होते. फळगळीने आणि डिंक्या रोगाने हात टेकलेल्या या माणसाने वडिलांनी लावलेली बाग तोडायला दिली आहे, आणि ती गोष्ट नागपुरात राहणाऱ्या मुलीला स्वतःच्या तोंडाने सांगावी म्हणून तो बसने आला आहे. बाप काय सांगणार हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तो ते कसे सांगेल, कोणत्या शब्दाशी अडखळेल, आधी पाणी मागेल की नातवाची चौकशी करेल, हे मात्र त्या दुपारी प्रथमच ऐकू येऊ लागले होते. ‘बाबांनी पिशवी खाली ठेवली आणि’ इथपर्यंत लिहून झाले, तोच दाराची घंटा वाजली. सिलिंडर आला होता. मोबाइलवरचा ओटीपी शोधून सांगितला, पैसे दिले, सील पाहिले, रिकामा सिलिंडर बाहेर काढून दिला. या सगळ्याला सात-आठ मिनिटे लागली असतील. परत येऊन बसले तेव्हा वाक्य ‘आणि’पाशी तसेच उभे होते, बाप मात्र उठून गेला होता. त्याच्या तोंडी मी जे जे घातले ते सगळे माझ्यासारखे, शहरातल्या शिकलेल्या बाईसारखे बोलणे निघाले. तो माणूस पुन्हा बोलू लागायला चार दिवस गेले.

सात मिनिटांच्या कामाने चार दिवस कसे जातात, हे लेखन न करणाऱ्याला पटवणे अवघड आहे, कारण आपण व्यत्यय घड्याळाने मोजतो. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की, एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळताना लक्ष पूर्णपणे वळत नाही. आधीचे काम अपुरे राहिले असेल तर त्याचा काही अंश मनात मागे रेंगाळत राहतो आणि हातातल्या कामाला तेवढे मन कमी पडते. म्हणजे सिलिंडर घेताना मी धड सिलिंडरपाशी नव्हते, आणि परत आल्यावर धड बापापाशीही नव्हते. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये कार्यालयीन स्वरूपाच्या कामावर केलेला एक प्रयोगही प्रसिद्ध आहे. व्यत्यय आलेल्या माणसांनी काम उलट लवकर उरकले, पण त्यांच्यावरचा ताण आणि वैताग वाढला, असे त्यात आढळले. ईमेलला उत्तर देण्याचे काम असे घाईने उरकत असेल, आणि त्यात वाचणाऱ्याचे फारसे बिघडतही नसेल. कथेचा परिच्छेद असा उरकला तर तो वाचताना कळतो. माझ्या छापून आलेल्या दोन कथांत अशा उरकलेल्या जागा आहेत आणि त्या मला आजही बोचतात.

इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. लेखकाला शांतता हवी असते, असे सगळे धरून चालतात. मला शांततेची तशी गरज नाही. आपल्याकडे एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत दुपारभर कूलर चालतो. त्याचा पंखा, वाळ्याच्या ताट्यांवरून गळणारे पाणी, मोटरची घरघर, हे सगळे सुरू असताना माझे लेखन सर्वांत चांगले होते. वीज गेली आणि कूलर एकाएकी थांबला की मी दचकते, आणि मग मला समोरच्या घरातले बोलणे शब्दन् शब्द ऐकू येऊ लागते. एकसारख्या आवाजापेक्षा बदलत राहणारा आवाज, त्यातही माणसांचे बोलणे, स्मरणाच्या कामात अधिक अडथळा आणते, हे मानसशास्त्रातील प्रयोगांत वारंवार दिसून आले आहे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि ती पाळली जावी असे मलाही वाटते. परंतु दारावरून आलेल्या ‘ताई, आहे का कुणी?’ या साध्या हाकेला कोणतीही मर्यादा लागू होत नाही, आणि लिहिणाऱ्याची वीण तीच उसवते.

कामानेही मन तुटते असे नाही. कूलरमध्ये पाणी भरताना, वालाच्या शेंगा सोलताना, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करताना मला कित्येक वाक्ये सुचली आहेत. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर ओव्या रचल्या त्या काम थांबवून रचल्या नाहीत. हात दांड्याला होते आणि मन मोकळे होते. मन तुटते ते प्रश्नाने. ‘भाजी कोणती करायची?’, ‘पाहुण्यांना रविवारचे बोलवू की सोमवारचे?’, ‘लाइट बिल भरले का?’ यांतला कोणताही प्रश्न अर्ध्या मिनिटाचा आहे, पण उत्तर द्यायचे तर निर्णय घ्यावा लागतो, आणि निर्णय घेणारी बाई कथेच्या आत राहू शकत नाही, तिला बाहेर यावेच लागते. हे उमगल्यापासून दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक मी आदल्या रात्रीच ठरवून फ्रिजच्या दारावर लिहून ठेवते. दुपारचे निम्मे प्रश्न तिथेच मिटले.

उरलेल्या व्यत्ययांसाठी जो उपाय मला लागू पडला तो सांगते, कारण नव्याने लिहू लागलेल्या अनेक जणी मला हेच विचारतात. घंटा वाजली की मी लगेच उठत नाही. वहीच्या समासात पेन्सिलने चार शब्द लिहिते आणि मग उठते. दार उघडायला एवढा उशीर झाला म्हणून आजवर कुणी परत गेलेले नाही. मात्र कोणते चार शब्द लिहायचे, हे शिकायला मला वर्षे लागली. आधी मी ‘बाप-मुलगी संवाद, बाग तोडल्याचे सांगणे’ असे लिहीत असे. परत आल्यावर ते वाचून काहीच हलत नसे, कारण प्रसंगात काय घडणार आहे हे मी कधीच विसरलेले नव्हते. हरवलेले असायचे ते त्या खोलीतले माझे असणे. आता मी पुढच्या क्षणी दिसणारी, ऐकू येणारी किंवा हाताला लागणारी एखादी वस्तू लिहिते. त्या कथेच्या समासात शेवटी ‘पिशवीत शेवटची चार संत्री, एक नरम’ असे लिहिलेले आहे. नरम पडलेले संत्रे अंगठ्याखाली दबते, ते दबणे मला आठवले, आणि त्यावरून बाप परत आला. लेरॉय यांनी पुढे २०१८ मध्ये थेरेसा ग्लोम्ब यांच्यासह केलेल्या संशोधनातही, काम सोडण्यापूर्वी आपण कुठे आहोत आणि परतल्यावर काय करायचे याची छोटी नोंद केली तर मागे रेंगाळणारे लक्ष बरेच मोकळे होते, असे आढळले. त्यांचा अभ्यास नोकरीतल्या कामांचा होता. कथेसाठी ती नोंद इंद्रियांची असावी, ही भर माझ्या अनुभवाची.

परत आल्यावर दुसरी गोष्ट करते ती म्हणजे शेवटचा अर्धा पाऊण पानाचा मजकूर मी हाताने पुन्हा उतरवते. नुसते वाचून भागत नाही, कारण वाचताना मी वाचक होते आणि चुका काढू लागते. उतरवताना हात त्या वाक्यांच्या चालीत पडतो आणि जिथे जुने वाक्य संपते तिथे नवे बहुधा आपोआप सुरू होते. यात दहा मिनिटे जातात, ती मी लेखनाच्या वेळातच धरते. मोबाइल त्या अडीच तासांत दुसऱ्या खोलीतल्या कपाटात असतो. त्याबद्दल नातेवाइकांनी सुरुवातीला नाराजी दाखवली, आता सर्वांना सवय झाली आहे.

माझ्या सासूबाईंचे सांगितल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. त्यांचे वय ८२ आहे, त्या मूळच्या अकोल्याकडच्या. दुपारी मी आतल्या खोलीत लिहायला बसले की दर पंधरा-वीस मिनिटांनी त्यांची हाक येई, ‘आहेस का वं?’ मी जाऊन पाही, तर त्यांना काहीच नको असे. पाणी उशाशी, औषध झालेले. मी परत येई आणि पुन्हा हाक येई. दोन वर्षे मी मनातल्या मनात चडफडत काढली, आणि त्याची मला आज लाज वाटते, कारण त्या केवळ मी घरात आहे ना, एवढेच विचारत होत्या. गेल्या दिवाळीनंतर मी माझे टेबल उचलून त्यांच्या खोलीत, त्यांच्या पलंगावरून माझी पाठ दिसेल असे लावले. त्या दिवसापासून हाक बंद झाली. त्या पडल्या पडल्या माझ्या पाठीकडे पाहतात, झोपतात, जागे झाल्यावर पुन्हा पाहतात. मध्ये एकदा शेजारच्या बाई काही विचारायला आल्या तेव्हा त्यांनीच हळू आवाजात सांगितले, ‘थांब वं जराशी, तिचं वाक्य होऊ दे.’ एकोणीस वर्षांत माझ्या लेखनाला ‘वाक्य’ म्हणणाऱ्या घरातल्या त्या पहिल्या.

माझ्या यजमानांचाही यात वाटा आहे. निवृत्तीनंतर ते प्रेमाने दर तासाला ‘चहा टाकू का?’ असे विचारीत. आता ते साडेतीनला न विचारता चहा आणून ठेवतात आणि जातात. चहा तोच असला तरी आता त्यात प्रश्न नसतो, आणि साडेतीनला कुणीतरी येणार हे मला आधीच ठाऊक असते. ठाऊक असलेला व्यत्यय व्यत्यय राहत नाही. त्याच्या अलीकडे परिच्छेद संपवता येतो. घरच्यांकडून मला एवढेच हवे असते, आणि माझ्या ओळखीच्या लिहिणाऱ्या बायकाही, मग त्या नागपूरच्या धरमपेठ भागातल्या असोत की महाल भागातल्या, थोड्याफार फरकाने हेच सांगतात.

आता आपल्याकडे, म्हणजे संपादकांकडे, एक विनंती. मराठीत १९०९ मध्ये ‘मनोरंजन’च्या अंकाने दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली, आणि आजही मराठी कथेचे मोठे पीक याच अंकांतून निघते. या अंकांची निमंत्रणे मला साधारण जूनमध्ये येतात आणि मुदत जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या मध्यापर्यंतची असते. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणजे तोवर नातवंडे, भाचरे, पाहुणे घरातच असतात. त्यानंतर शाळा सुरू होण्याची धांदल, मग श्रावण आणि त्यामागोमाग येणाऱ्या पोळा, गणपती, महालक्ष्म्या यांची तयारी. महालक्ष्म्यांच्या फराळाची आणि सोवळ्याची तयारी घरातल्या कुठल्या माणसाकडे असते, हे आपल्याला सांगायला नको. ज्या घरात लिहिणारी व्यक्ती आणि ही तयारी करणारी व्यक्ती एकच असते, त्या घरातली कथा या मुदतीत उरकली जाते किंवा पाठवलीच जात नाही. निमंत्रण संक्रांतीच्या आगेमागे पाठवायला संपादकांना खर्च येत नाही. तुकड्यातुकड्यांनी लिहिणाऱ्याला वेग देता येत नाही. त्याला मुदत लांब लागते. आपल्या वृत्तपत्राचाही दिवाळी अंक निघतो, तेव्हा येत्या वर्षी आपण तरी हा बदल करून पाहावा.

दुसरी विनंती शहरातल्या साहित्यसंस्था आणि सार्वजनिक वाचनालयांना आहे. नागपुरात अभ्यासिका पुष्कळ आहेत आणि स्पर्धा परीक्षांची मुले तिथे पहाटेपासून जागा धरतात. त्यांची गरज खरी आहे आणि त्यांच्या खुर्च्या कुणी मागू नयेत. परंतु वाचनालयांची अनेक दालने सकाळच्या आणि संध्याकाळच्या वेळांच्या मध्ये, भर दुपारी, कुलूपबंद असतात, आणि ज्या बाईला घरात जागा नाही तिचा मोकळा वेळ नेमका तोच असतो. आठवड्यातून दोन दुपारी एक टेबल, एक पंखा आणि ‘आत लेखन सुरू आहे’ अशी पाटी एवढे कुणी दिले तरी पुष्कळ होईल. कुसुमावती देशपांडे यांना १९६१ मध्ये ग्वाल्हेर येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, आणि तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री; त्यांनी ज्या शहरात शिकवले आणि लिहिले, त्या शहराकडून ही अपेक्षा मोठी नाही.

काटोलच्या बागाइतदाराची कथा मे महिन्यात पूर्ण झाली. ती कोणत्या अंकाकडे पाठवावी हे अद्याप ठरलेले नाही. दुसरी सुरू केली आहे आणि तिच्या तिसऱ्या पानाच्या समासात कालच्या तारखेने ‘जिन्यावर ओल्या चपला, एकच जोड’ असे लिहून ठेवले आहे. आपल्या अंकाचे निमंत्रण यंदा लवकर निघणार असल्यास कृपया वाचकपत्रांच्या सदरातच कळवावे, म्हणजे माझ्यासारख्या इतरांनाही ते वेळेत समजेल.

कळावे,

आपली नम्र,
एक कथालेखिका
त्रिमूर्ती नगर, नागपूर
(नाव व पत्ता संपादकांकडे स्वतंत्रपणे दिला आहे.)