बागेतल्या ट्रॅक्टरचा पंप आधी उघडू नका

महोदय,

ऑक्टोबर छाटणी झाली की निफाड-दिंडोरीपासून तासगावपर्यंत द्राक्षबागांत पंधरा-वीस एचपीचे छोटे ट्रॅक्टर फवारणीचा ब्लोअर घेऊन फिरू लागतात. त्यातले बरेच जुने झालेले. डाऊनी (केवडा) रोगाच्या हवेत असा ट्रॅक्टर ओळीतच बंद पडला की घाईत पहिला पाना लागतो तो डिझेल पंपाला. ‘पंप वाढवून घ्या’ हा सल्लाही फुकट मिळतो. पंपाचं सील तोडून डिझेल वाढवलं की ट्रॅक्टर चार दिवस ओढतो, मग काळा धूर, तापणं आणि शेवटी पिस्टनचा खर्च. खरा दोष बहुतेक वेळा पंपाच्या अलीकडेच असतो.

ट्रॅक्टर अर्धा तास नीट चालून दम सोडतो आणि थोडा थांबवला की पुन्हा पळतो, असं होत असेल तर आधी टाकीचं झाकण सैल करून चालवून बघा. झाकणाचं बारीक छिद्र धुळीनं आणि औषधाच्या पावडरीनं बुजतं. टाकीत हवा शिरली नाही तर डिझेल पुढे सरकत नाही. फरक पडला नाही तर टाकीखालची जाळी काढून साफ करा आणि फिल्टर बदला. कागदी फिल्टर धुऊन परत बसवण्यात काही अर्थ नाही.

सेल (स्टार्टर) मारल्यावर इंजिन फिरतं, पण सायलेन्सरमधून पांढरा धूरसुद्धा येत नाही, याचा अर्थ नोझलपर्यंत, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागापर्यंत, डिझेल पोचत नाही. आत अडकलेली हवा (एअर) काढून बघा. फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करा, फेस जाऊन सलग डिझेल येईपर्यंत हातपंप मारा आणि डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळा. मग पंपावरचा स्क्रू, शेवटी नोझलकडचे नट. नट सैल करून सेल मारताना हात आणि डोळे लांब ठेवा. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. सेल एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको, मध्ये मिनिटभर थांबा.

एअर काढली आणि सकाळी पुन्हा तेच, तर टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) हा पाइप तपासा. तिथं डिझेल ओढलं जातं, त्यामुळे बारीक चिरेतून बाहेर थेंब न पडताही आत हवा जाते. तेवढ्या भागात तात्पुरता पारदर्शक पाइप लावा. त्यात बुडबुडे दिसले तर हवा टाकीकडच्या जोडातून येते. तिथले तांब्याचे वॉशर नवेच घाला.

तापण्याची तक्रार असेल तर थर्मोस्टॅट (गरम-गार पाण्याची वाट उघडझाप करणारा वॉल्व्ह) काढून फेकण्याआधी बॉनेट उघडून रेडिएटर बघा. ब्लोअरचे तुषार, गंधकाची भुकटी आणि पानांचा चुरा मिळून त्याच्या पात्यांमध्ये पापुद्रा धरतो. इंजिन गार झाल्यावर पंख्याच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं हलक्या दाबाचं पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा फवारा जवळून मारला तर पाती वाकतात. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) फवारणीच्या दिवसांत बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची जोडणीही घासून घ्या. मोरचूद धातू खातं. ‘बॅटरी गेली’ म्हणून नवी आणली जाते, पण दोष अनेकदा अर्थिंगचाच असतो.

एअर क्लीनर ऑईलचा असेल तर त्यातलं ऑईल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही.

आता इंजिनकामाचं. निळा धूर येतो, ऑईल कमी होतं आणि चालू इंजिनाचं ऑईल भरायचं झाकण काढल्यावर भकाभक वाफ येते, एवढं जुळलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असं धरा. तरी इंजिनाचं हेड उघडण्याआधी गार इंजिनावर टॅपेट (वॉल्व्ह उघडणारे भाग) तपासून घ्या; त्यांची गॅप किती ते कंपनीच्या पुस्तकात असतं. टॅपेट फारच घट्ट असतील तर वॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत, कॉम्प्रेशन पडतं आणि सकाळी सुरू व्हायला त्रास होतो. हे काम फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि दोन पान्यांत होतं.

– एक ट्रॅक्टर मेकॅनिक, ता. निफाड