आंबोली टोडचा सडानिहाय जनुकीय अभ्यास व्हावा : वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

आंबोली टोड या खरखरीत कातडीच्या छोट्या बेडकाचा सडानिहाय, म्हणजे जांभ्या दगडाच्या प्रत्येक पठारागणिक, जनुकीय अभ्यास व्हावा आणि तो पूर्ण होईपर्यंत त्याची अंडी, पिल्ले वा प्रौढ टोड एका सड्यावरून दुसऱ्या सड्यावर हलवण्याचा कोणताही प्रस्ताव मंजूर होऊ नये, एवढ्या एकाच विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे.

जेमतेम अंगठ्याएवढा हा प्राणी प्रामुख्याने सावंतवाडी तालुक्यातील आंबोली परिसरातूनच ज्ञात असून आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झालेली आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला रात्री विजेरी घेऊन सड्यावर गेले, तर जांभ्याच्या खळग्यांत बोटभर पाणी साचलेले दिसते आणि त्याच्या काठाशी वाघासारखे पिवळे पट्टे अंगावर असलेले नर ओरडत बसलेले आढळतात. आपल्या अंगणातला नेहमीचा टोड एका वेळी हजारो अंडी घालतो. ही मादी मात्र मोजकीच घालते, आणि मध्येच पावसाने दडी मारली की खळगा आटून तीही वाया जातात.

अशा प्राण्याला रस्ता, वस्ती किंवा चिरेखाण ओलांडून पलीकडचा सडा गाठणे सोपे नाही. दोन सड्यांमधील ये-जा थांबली की प्रत्येक ठिकाणचे टोड आपापसातच प्रजनन करत राहतात, आणि गट लहान असेल तर जनुकांची काही रूपे निव्वळ योगायोगाने कायमची नाहीशी होतात. वरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, कारण टोड दर पावसाळ्यात ओरडतात आणि गणनेतही सापडतात. ब्रिटनमधील नॅटरजॅक टोडच्या विखुरलेल्या वस्त्यांचा अभ्यास झाला, तेव्हा जनुकीय विविधता कमी असलेल्या ठिकाणची पिल्ले सावकाश वाढत असल्याचे आढळले. आंबोलीच्या खळग्यात सावकाश वाढणे पिल्लाला परवडणारे नाही, पाणी त्याच्यासाठी थांबत नाही.

याच्या उलट शक्यताही तितकीच खरी आहे. दोन सड्यांवरील गट फार पूर्वीपासून वेगळे झालेले असतील, तर त्यांची सरमिसळ केल्याने त्या त्या जागेशी जुळलेले गुणच पुसले जातील. म्हणूनच 'इथले टोड उचलून तिथे सोडू' हा प्रकल्प अहवालात शोभून दिसणारा उपाय मला धोक्याचा वाटतो. नुसत्या डोळ्यांवर विसंबून टोडमधले भेद कळत नाहीत, हे आपल्याच घाटाने दाखवून दिले आहे. कोयनेच्या टोडचे वर्णन १९६३ साली झाले आणि पुढे कित्येक वर्षे तो इतर सामान्य टोडच्याच प्रजातीकुलात (जवळच्या प्रजातींच्या गटात) गणला गेला. २००९ मध्ये डीएनएचा पुरावा हाती आल्यावर तो व आंबोलीचा नव्याने वर्णिलेला टोड मिळून स्वतंत्र प्रजातीकुल ठरले. आपल्या अंगणातल्या टोडचीही हीच गोष्ट आहे. २०१४ मध्ये मादागास्करच्या तोआमासिना बंदर परिसरात त्याची घुसखोरी उघडकीस आली. ते प्राणी आले कुठून, याचा माग जनुकीय तुलनेने कंबोडिया व व्हिएतनामकडे नेला. आशियातील निरनिराळ्या प्रदेशांतले वंश वेगळे ओळखता येतात, म्हणूनच हे शक्य झाले.

या अभ्यासासाठी टोड मारावे लागत नाहीत. तोंडातून कापसाच्या बोळ्याने घेतलेला नमुना पुरतो. पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि हैदराबादची लुप्तप्राय प्रजातींवर काम करणारी प्रयोगशाळा यांच्याकडे हे काम सोपवता येईल. अडचण वेळेची आहे. नमुने घेण्याजोगे दिवस पावसाच्या तोंडाशी थोडेच मिळतात आणि परवानगीची फाइल त्यानंतर हलली तर अख्खे वर्ष जाते, म्हणून याबाबतचा आदेश एप्रिलअखेरपर्यंत निघावा, ही विनंती.

आपला नम्र,
सिंधुदुर्गातील एक निसर्गनिरीक्षक