सेमिनरीचे क्रेडिट प्रवेशाआधीच कागदावर मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेमिनरीच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षण देणाऱ्या महाविद्यालयाच्या, माहितीपत्रकात वसतिगृह, चॅपल आणि फी यांची पाने ठळक असतात. इथले क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मोजलेले श्रेयांक, दुसऱ्या संस्थेत किती धरले जाईल, यावर मात्र अनेकदा एक ओळही सापडत नाही. आपल्या चर्चच्या मंडळ्यांमधली होतकरू मुले-मुली नेमकी तिथेच अडतात, म्हणून हे पत्र.

आधी पदवी कोण देते ते पाहावे. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजची स्थापना १८१८ ची, डेन्मार्कच्या राजाची सनद १८२७ ची आणि बंगाल विधिमंडळाचा कायदा १९१८ चा. तिथल्या सिनेटशी संलग्न कॉलेजांतली बी.डी. (ईशज्ञानाची पदवी) त्या आधारावर मिळते. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन या सेमिनरींच्या संघटनेची मान्यता ही वेगळी गोष्ट आहे. ती शिक्षणाचा दर्जा तपासते आणि चर्चच्या कामासाठी मोलाची आहे, पण तिच्यामुळे संस्थेला कायद्याने पदवी देण्याचा अधिकार मिळत नाही. पुढे सरकारी विद्यापीठात पीएच.डी. करायची असेल तर हा फरक फार महागात पडतो.

आता क्रेडिटचा हिशेब. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांच्या अभ्यासाला १ क्रेडिट आणि वर्षाला ४० क्रेडिट धरले आहेत, म्हणजे १२०० तास. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट असतात आणि एकेक क्रेडिट २५ ते ३० तासांचे. त्यामुळे आकड्याला आकडा जुळवून चालत नाही, वर्षाला वर्ष जुळवावे लागते. अमेरिकेत एम.डिव्ह. ही ईशज्ञानाची पदव्युत्तर पदवी किमान ७२ सेमिस्टर क्रेडिटची असते, त्यांचे मोजमाप आणखी निराळे.

संस्था बदलताना नुसती गुणपत्रिका पुरत नाही. ज्या वर्षी पेपर दिला त्याच वर्षीचा अभ्यासक्रम, वर्गाचे तास, वाचनाची यादी आणि रजिस्ट्रारच्या सहीचा सीलबंद ट्रान्सक्रिप्ट (सर्व पेपर, क्रेडिट आणि श्रेणींचा अधिकृत उतारा) लागतो. सर्वात जास्त अडचण अभ्यासक्रमाची येते. तो पाच वर्षांनी कार्यालयात सापडत नाही, आणि ‘जुन्या कराराची ओळख’ हा पेपर इथे दोन क्रेडिटचा होता की चार, हे सिद्ध करता येत नाही. पेपर संपला की अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत लगेच घ्यावी. डिप्लोमाचे क्रेडिट पदव्युत्तर अभ्यासात धरले जाईल असे गृहीत धरू नये. विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणाऱ्या सरकारी शैक्षणिक क्रेडिट बँकेतही नोंदणीकृत उच्च शिक्षण संस्थेने दिलेलेच क्रेडिट जमा होते, आणि ते जास्तीत जास्त सात वर्षे टिकते.

ग्रंथालयाचा प्रश्न याला जोडूनच येतो. नव्या कराराच्या ग्रीकचा तीन क्रेडिटचा पेपर म्हणजे ९० तास. त्यातले ४५ वर्गात, उरलेले ४५ कोश, भाष्य आणि निबंधलेखनात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ही साधने बहुतेक इंग्रजीतच मिळतात. वास्तविक मराठीची पुंजी लहान नाही. मिशनरी विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ चे आहे, कोश १८१० चा, अहमदनगरचे ‘ज्ञानोदय’ नियतकालिक १८४२ पासूनचे. पण ग्रंथालयाची सूची रोमन लिपीत, त्यात एकाच लेखकाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले. शोधणाऱ्याला एकतृतीयांश पुस्तकेच दिसतात आणि बाकीची कपाटातच राहतात. नोंद देवनागरीत करून रोमन रूपे जोडनोंदी म्हणून दिली, तर हे दुखणे एका सुट्टीत आटोक्यात येईल. त्यासाठी पैसा फारसा लागत नाही, मराठी वाचता येणारा माणूस लागतो.

सेमिनरींना आमची कळकळीची विनंती आहे : पदवी देणाऱ्या संस्थेचे नाव, बाहेरून आलेले किती क्रेडिट धरणार, त्यासाठी किमान श्रेणी कोणती, मुदत किती आणि निबंध मराठीत लिहिता येतो का, एवढे माहितीपत्रकात छापावे. छापलेले नसेल तर पालकांनी रजिस्ट्रारकडून लेखी उत्तर घ्यावे आणि मगच फी भरावी.

आपले,
ईशज्ञान अभ्यासक्रमांच्या नोंदणीचे काम पाहणारे काही वाचक, पुणे