सुरगाण्यावर एकच ओळ, तीही चुकीची

महोदय,

बंद झालेल्या विधानसभा मतदारसंघांवरचा लेख काल आपल्या अंकात वाचला. सुरगाण्याच्या वाट्याला त्यात एक ओळ आली आणि तीही चुकीची. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे जे. पी. गावित हे 'कळवणचे सात वेळा आमदार' नव्हेत. कळवणमधून ते एकदाच, 2014 मध्ये निवडून आले. 1978 पासूनचे त्याआधीचे सगळे विजय सुरगाण्याचे आहेत. मी त्यांच्या पक्षाचा नाही, पण जे आमचे ते आमच्या नावावर राहावे.

2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत सुरगाणा 'कळवणमध्ये विलीन झाला' असे लेखक सहज लिहून जातात. प्रांत कचेरी कळवणला, आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय कळवणला. तालुक्याचा म्हणावा असा आमदार तेवढा उरला होता. 2004 ची निवडणूक शेवटची ठरली, 2009 पासून तोही गेला. आखणी 2001 च्या लोकसंख्येवर झाली. त्याच आखणीत नाशिक शहराला पूर्व, मध्य आणि पश्चिम असे मतदारसंघ मिळाले. डोंगरात वस्ती विरळ, म्हणून आमचे नावच काढून टाकायचे?

माझ्या वडिलांचा वनहक्काचा दावा होता. आजोबांकडून वनखात्याने वसूल केलेल्या दंडाच्या पावत्या, घडीवर फाटलेल्या, त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपल्या होत्या. जमीन आपण कसत होतो याचा तेवढाच पुरावा. एका कचेरीत समोरच्या माणसाने त्या उलगडूनही न बघता पिशवी परत केली. पूर्वी असे झाले की माणूस बाजाराच्या दिवशी सुरगाण्यात आमदाराला गाठायचा आणि उभ्या उभ्या गाऱ्हाणे घालायचा. वडिलांनी मला विचारले, "आता कोणाला भेटायचं?" मला उत्तर देता आले नाही. कळवणला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, आणि परतीची एसटी चुकली तर रात्री थांबायचे कुठे? यात कोणा एका आमदाराला मी दोष देत नाही. एवढ्या पाड्यांना एक माणूस पुरणार कसा?

आपण विषय काढलाच आहे म्हणून आणखी एक. नार-पार नद्यांचे पाणी गिरणा खोऱ्यात नेणाऱ्या नार-पार-गिरणा योजनेला 2024 मध्ये 7,015 कोटींची मंजुरी मिळाली, तेव्हा आपल्या पानांवर गिरणा खोऱ्याच्या आनंदाच्या बातम्या होत्या. पाणी आमच्या डोंगरातले, जाणार चणकापूर धरणाकडे. धो-धो पाऊस पडणाऱ्या आमच्या तालुक्यात एप्रिल-मेमध्ये बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरतात. त्यांना विचारायला आपला वार्ताहर आला नाही. 2022 च्या अखेरीस आमच्याकडच्या गावांनी गुजरातला जोडण्याची मागणी केली, तेव्हा मात्र सगळे कॅमेरे घेऊन आले होते.

पुढची पुनर्रचना होईल तेव्हा डोंगरी तालुक्यांसाठी लोकसंख्येबरोबर अंतरही मोजावे, यावर आपण लिहावे. आणि गावितांविषयीची दुरुस्ती लेख आला त्याच पानावर छापावी, ही विनंती.

– आपला एक नियमित वाचक, ता. सुरगाणा, जि. नाशिक